घशाला सूज आहे

कॉलेजच्या फलकावर निबंधाचा विषय लागला तेव्हा मी नागपूरला मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. एका जुन्या डॉक्टरांच्या घरच्यांनी त्यांच्या आठवणीसाठी रौप्यपदक ठेवलं होतं. वैद्यकीय नीतीवर दरवर्षी निबंध मागवायचे आणि दरवर्षी चार-पाच जणच लिहायचे, कारण परीक्षेत त्या विषयाला कोणी विचारत नसे. त्या वर्षीचा विषय होता : रोग बरा होणार नसेल तर डॉक्टरने रोग्याला तसं सांगावं का?

मी लिहायचं ठरवलं ते वॉर्डातल्या एका विणकरामुळे. भंडाऱ्याकडचा माणूस, पोटात गाठ. सिस्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं की हा वाचत नाही. त्याला तेवढं माहीत नव्हतं. रोज तो मला त्याचा केसपेपर दाखवायचा आणि विचारायचा, "साहेब, यात काय लिहिलं आहे?" कागद इंग्रजीत. मी म्हणायचो, "मोठ्या साहेबांना विचारा." मरायचं तर घरी जाऊन, असं तो म्हणायचा, पण आपण मरणार आहोत हेच त्याला कोणी सांगितलं नाही. तो वॉर्डातच गेला.

मी पेटून लिहिलं. सतरा पानं झाली. इंग्रजी माझं बेताचंच, पण मुद्दा पक्का होता. रोग ज्याचा, त्याची बातमीही पहिली त्याची. ती त्याच्यापासून लपवून नातेवाइकांच्या कानात सांगणारा डॉक्टर त्याच्या उरलेल्या दिवसांची चोरी करतो. असं मी लिहिलं. बावीस वर्षांचा होतो.

निबंध दिला आणि दिवाळीला वरवट बकालला घरी गेलो. आमची कोरडवाहू शेती, कपाशी आणि ज्वारी. घरी बाबा आणि माय दोघंच. दिवाळीच्या दिवशी माय जेवताना भाकरीचा घास पाण्याबरोबर ढकलत होती. मी विचारलं.

"काई नाई रे. घास अडकते कवाकवा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कपाशी निंदत होतो तवापासून असन."

म्हणजे तीन महिने. तिची कॉलरची हाडं वर आलेली मला तेव्हा दिसली. मी आठ दिवसांनी तिला आणि बाबांना घेऊनच नागपूरला परतलो. शेगावला गाडीत बसलो तेव्हा माय खिडकीशी बसून खूश होती. इतक्या लांब ती पहिल्यांदाच चालली होती.

पांढरं औषध पाजून फोटो काढले. नळी घालून तुकडा काढला. अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि पुढे सरकला होता. आमच्या सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून फोटो उजेडासमोर धरला. मला तो वाचता येत होता, तरी ते बोटाने दाखवत राहिले.

"होळीपर्यंत," ते म्हणाले. "फार तर."

बाबा बाहेर कट्ट्यावर बसले होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली.

"तिले सांगू नोको," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, तिचा आजार आहे. तिला—"

"मी सांगून राह्यलो ना तुले. तिले सांगू नोको. ती आजच मरन."

मी आत गेलो. माय खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. "काय निंगालं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "सूज आहे घशाला. आतून. औषधाने उतरेल, पण वेळ लागेल." हे वाक्य मी न अडखळता बोललो. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो की ते बाबांसाठी होतं. ते खरं नाही. तिचा चेहरा पडताना बघायची माझी छाती नव्हती, एवढंच होतं.

त्याच आठवड्यात निबंधाचा निकाल लागला. पदक मला मिळालं. मित्रांनी खांद्यावर घेतलं. मी तसाच वॉर्डात गेलो आणि मायला सांगितलं. ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "माह्या पोराले चांदीचा बिल्ला भेटला." दुसऱ्या दिवशी तिला घरी नेलं.

आता ताईबद्दल सांगायला हवं. माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, चिखलीला दिलेली. भाऊजी तिथल्या जिनिंगमध्ये होते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना. बाबा म्हणाले, बैलगाडी जुंपतो, शेगावच्या दवाखान्यात नेऊ. मायने अडवलं. म्हणाली, "आमी का दवाखान्यात जलमलो?" गावच्या सुईणीवर तिचा भरवसा होता. मूल आलं ते निळं आलं. पाऊण तास जगलं.

ताई उठून बसण्याइतकी झाली त्या दिवशी मायला म्हणाली, "तुनं मारलं माह्या लेकराले." मायने तोंडाला पदर लावला नाही, रडली नाही. उलट तिनेही ताडकन उत्तर दिलं, "तुह्या नशिबात नव्हतं त्याले मी काय करू?" ताई चिखलीला गेली ती परत आली नाही. चार वर्षं झाली होती. मधल्या काळात तिला मुलगा झाला, तो चिखलीच्या दवाखान्यात. मायने नातवाला पाहिलं नव्हतं. मी दोघींच्या मधे पोस्टकार्डं टाकत असे. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. दोघींनाही मी काय लिहिलं ते नीट ऐकायचं असायचं, पण निरोप कोणी द्यायचं नाही.

नागपूरहून आणल्यावर मी ताईला लिहिलं. ते पोस्टकार्ड मला आजही शब्दशः पाठ आहे. "आईच्या घशाला सूज आहे. औषध चालू आहे. काळजीचे कारण नाही. सवडीने येऊन जा." खरं लिहिलं असतं तर ती त्याच दिवशी निघाली असती, दारातच गळा काढला असता आणि मायला सगळं कळलं असतं. म्हणून असं लिहिलं. ताईचं उत्तर आलं, तेही भाऊजींच्या हातचं. जिनिंगचा हंगाम चालू आहे, सासूबाईंना कमी दिसतं, हंगाम संपला की उन्हाळ्यात येते.

मी ते मायला वाचून दाखवलं. "येते" हा शब्द तिने दोनदा वाचायला लावला.

संक्रांतीनंतर गावाने माझा सत्कार ठरवला. आमच्या गावातून मेडिकलला गेलेला मी पहिलाच, त्यात पदक. शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या. पंचायत समितीचे सभापती जीपने आले. जिल्हा परिषदा नव्या होत्या तेव्हा. जीप गावात आली की अर्धा गाव नुसता जीप बघायला जमे. मी पदक नागपूरहून घेऊन आलो होतो. सरपंचांनी ते माझ्याकडून घेऊन परत माझ्या शर्टाला लावलं. नारळ, शाल, टाळ्या.

माय तोवर फार खंगली होती. पेज आणि दूध एवढंच खाली उतरत असे. पण ती चालत आली. तिला बायकांच्या पुढे, शाळेच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसवलं होतं. इरकली लुगड्यात ती केवढीशी दिसत होती.

हेडमास्तरांनी भाषण केलं. चांगला माणूस. त्यांनी माझ्याकडून निबंध मागून घेतला होता, शब्दकोश घेऊन पूर्ण वाचला होता. मला वाटलं होतं, ते कौतुकाचे चार शब्द बोलतील. पण ते म्हणाले, "आपल्या पोराने काय लिहिलं ते गावाला कळलं पाहिजे." आणि त्यांनी तो सोप्या मराठीत सांगायला सुरुवात केली. डॉक्टर लोक रोग्याला फसवतात. घरचे डॉक्टरला सामील होतात. मरणाऱ्या माणसाला कोणाला भेटायचं असतं, कोणाशी बोलायचं असतं, काही मनातलं मोकळं करायचं असतं. त्याला सांगितलंच नाही तर तो ते कधी करणार? "आपल्या गावचा हा मुलगा म्हणतो, रोग्यापासून त्याचा रोग लपवू नये. भल्या भल्या डॉक्टरांनी हे मान्य करून त्याला पदक दिलं."

टाळ्या झाल्या. मी खाली सतरंजीकडे बघत होतो. बाबा पुरुषांच्या शेवटच्या रांगेत होते, ते उठून गेले. मी एकदाच ओट्याकडे पाहिलं. माय माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. शाळेत पोर धडा म्हणतं तेव्हा आई बघते, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो. बाबा शेतात गेले होते. माय चुलीजवळ पाटावर बसली होती. तिने मला बस म्हटलं.

"काल मास्तर बोलले ते तूच लिवलं काय?"

"हो."

"ते खरं हाय? तुले मनापासून तसंच वाटते?"

"हो माय."

"मंग सांग मले. माह्या घशात काय हाय?"

चुलीत कपाशीची वाळकी पऱ्हाटी तडतडत होती. मी पऱ्हाटीकडे बघितलं. तिने पुन्हा विचारलं नाही, ती थांबली होती. इतका सरळ प्रश्न मला पुढे आयुष्यात फार थोड्या रोग्यांनी विचारला. सतरा पानांत मी जे लिहिलं ते सगळं याच एका क्षणासाठी होतं. बाबा घरात नव्हते. मला कोणी अडवलं नव्हतं.

मी म्हणालो, "सूज आहे माय. सांगितलं ना."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा सैल झाला. खांदे खाली आले.

"बरं झालं बापू," ती म्हणाली. "मले वायलंच वाटून राह्यलं होतं. तुह्ये बाबा माह्याशी लयच गोड बोलून राह्यले ना, म्हून. पन तू एवढं लिवलं, त्याचं तुले बक्षीस देल्लं. तू मले खोटं काऊन सांगशीन?"

मी चुलीत पऱ्हाटी सरकवली.

"मी तं ठरवलं होतं," ती पुढे सांगू लागली, "येत्या बुधवारी चिखलीले जाव. तुह्या बाबाले म्हनलं होतं गाडी करून शेगावलोक सोडा, पुढं एसटीनं जाईन. म्हनलं काई वाईट असन तं पोरीले भेटून घेते. पन आता सूजच हाय तं काऊन घाई? असं हाडाहाडाचं तोंड घेऊन तिच्या दारात कशी जाऊ? तिच्या सासूले काय वाटन? उन्हायात अंगावर जरासं मास आलं का जाईन. नाई तं तीच येऊन राह्यली."

"हो," मी म्हणालो. "उन्हाळ्यात जा."

"तिले एकच सांगाचं हाय मले. का माह्यं चुकलं. गाडी जुंपाले पायजे होती."

"मी लिहू का ताईला?"

"नाई," ती म्हणाली. "हे कारडात लिवासारखं नाई. हे माह्या तोंडानं सांगाचं हाय."

मी बॅग घेतली. पाया पडलो. तिने माझ्या कपाळावरून हात फिरवला, तो गरम होता, चुलीमुळे. मी दिसेनासा होईपर्यंत ती दारात उभी होती, आणि ती खरंच बरी दिसत होती. मी तिला तेवढं बरं करून गेलो.

आजपर्यंत पुष्कळदा विचार केला आहे, की मास्तरांनी निबंध वाचलाच नसता, मला पदक मिळालंच नसतं, तर काय झालं असतं? माझ्या सुजेवर तिचा विश्वास बसला नसता. बुधवारी ती गेली असती. शेगावपर्यंत बैलगाडी, खामगावला गाडी बदलून चिखली, दमली असती, पण पोचली असती. माझं खोटं तिने मानलं ते त्या पदकामुळे. दुसऱ्या कोणाचं तिने मानलं नसतं.

होळीला अकरा दिवस राहिले होते तेव्हा तार आली. मी पोचलो तेव्हा माय शुद्धीवर नव्हती. गेले चार दिवस थेंबभर पाणीही खाली गेलं नव्हतं. शेवटी शेवटी तिचा आवाज बसला होता, बाबा म्हणाले, तरी खुणेने विचारायची, उन्हाळा कधी लागतो. मी तिच्याजवळ बसलो. दुपारी ती गेली.

चिखलीला तार मी शेगावहूनच केली होती, 'लगेच निघ' एवढीच, पण ताई पोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर सगळं उरकलं होतं. ती बैलगाडीतून उतरली, कडेवर दोन वर्षांचा मुलगा, हातात पिशवी. पिशवीत मायसाठी लिमलेटच्या गोळ्या होत्या, घसा दुखतो म्हणून. तिने कोणाला विचारलं नाही. बायका रडायला लागल्या त्यावरून तिला कळलं. ती ओसरीवर बसली. मुलगा नव्या लोकांना बघून तिला चिकटला होता.

संध्याकाळी ती माझ्यापाशी आली. तिच्या हातात माझं पोस्टकार्ड होतं.

"हे तुह्यंच अक्षर हाय ना?"

"हो."

"तुले माईत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "दुसऱ्या कोनं लिवलं असतं तं मी एसटीत बसली असती. म्हनलं असतं, लोकं लपवतात. तू डाक्टर. तुनं लिवलं काळजीचं कारन नाई, म्हून मी बिनघोर राह्यली."

मग मी तिला मायचा निरोप सांगितला. चुकलं म्हणाली. गाडी जुंपायला हवी होती म्हणाली. ताईने हात वर केला, थांब म्हणून.

"तिच्या तोंडून पायजे होतं मले ते," ती म्हणाली. "तुह्या तोंडून नोको."

तेरा दिवस ती राहिली. सगळ्यांचं जेवणखाण तिनेच पाहिलं. माझ्याशी ती गरजेपुरतं बोलायची, मीठ दे, पाणी काढ.

पुढच्या वर्षी तूर कापायला मी घरी होतो. परीक्षा झाली होती, डॉक्टर झालो होतो. बाबा आणि मी पेंढ्या बांधत होतो. वर्षभरात त्यांनी मायचा विषय एकदाही काढला नव्हता. मधेच ते थांबले.

"मी तुले म्हनलं होतं तिले सांगू नोको," ते म्हणाले.

"हो बाबा."

"मी तं अडानी मानूस. मले भेव वाटलं. तू शिकला होता. तू काऊन आयकलं माह्यं?"

त्यांच्या आवाजात दोष नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी हातातल्या पेंढीचा बंध आवळला. त्यांनी पुढची पेंढी उचलली.

मी पुढे जिल्ह्यातच सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, मग शिकवायला गेलो. रोग्याला खरं सांगण्याबद्दल मी लिहीत राहिलो. दुसरं काही लिहिता येईना. पुढे या विषयाला मोठं नाव मिळालं, परिषदा सुरू झाल्या, पुरस्कार निघाले, त्यातले दोन-तीन माझ्याकडे आले. प्रत्येक वेळी मानपत्रात पहिलं वाक्य असायचं ते विद्यार्थिदशेतल्या त्या निबंधाचं. मी ते ऐकून घ्यायचो. रोग्यांना मी खरं सांगत आलो. काही वेळा फार वाईट तऱ्हेने सांगितलं, काही माणसं माझ्यासमोर कोसळली, काहींनी शिव्या दिल्या. पण एकालाही मी उन्हाळ्यात जा असं म्हटलं नाही.

ताई माझ्याशी हळूहळू बोलायला लागली. ठरवून नाही, पोरांच्या आजारपणांमुळे, त्यांच्या लग्नांमुळे. शेवटचा सन्मान मला पुण्यात मिळाला तेव्हा भाच्याने तिला आणलं होतं. सत्तरी ओलांडलेली, चष्मा, गुडघे गेलेले. मी भाषणात त्या विणकराची गोष्ट सांगितली, नेहमीसारखी. लोकांना ती आवडते. बाहेर आल्यावर ती खुर्चीवर बसली होती, मी शेजारी बसलो.

"त्या विनकऱ्याचं सांगतलं," ती म्हणाली. "मायचं काऊन नाई सांगत?"

"सांगता येत नाही, ताई."

"मंग लिव."

मी म्हटलं, लिहीन. मग तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"एक लिवजो त्याच्यात. भावकी अजून म्हनते, पोरीच्या मनात राग होता म्हून माय मरून राह्यली तरी आली नाई. तसं नव्हतं. राग कवाचाच गेलता. मले फकस्त वाटलं होतं का येळ हाय."